वाळू सर्वांची, वाट कोणाची?

पणजीहून दोनापावलाला जाणारे पर्यटक जेट्टीवर फोटो काढून परततात. जवळच्याच वायंगिणीच्या चिमुकल्या किनाऱ्याचे नाव बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. समोर झुआरीचे विस्तीर्ण पात्र, पलीकडे मुरगाव बंदर आणि मागे ‘सिदाद द गोवा’ हे पंचतारांकित हॉटेल. प्रसिद्ध वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ही रचना देखणी आहे. पण गोवेकरांच्या लक्षात हे ठिकाण राहिले ते एका वाटेमुळे!

गोव्यात समुद्र ही केवळ पाहण्याची गोष्ट नाही. रापणकाराला होडी आणि जाळे वाळूवर आणावे लागते, उन्हाळ्यात घरची मंडळी खाऱ्या पाण्यात डुंबायला येतात. किनाऱ्याची वाळू सरकारी, म्हणजे सर्वांची. पण तिथवर पोचायचे तर कोणाच्या तरी जमिनीतूनच जावे लागते. अर्थात, जमीनमालकाचेही म्हणणे असते. लाखो रुपये गुंतवले, पाहुण्यांना निवांतपणा आणि सुरक्षितता हवी. मग अंगणातून वर्दळ का सोसायची?

वायंगिणीत या दोन बाजू न्यायालयात समोरासमोर आल्या. सरकारने हॉटेलसाठी जमीन संपादित करून दिली होती आणि 1983च्या करारात किनाऱ्यावर जाणाऱ्या लोकांच्या वाटेची अट होती. पुढे त्याच जमिनीवर हॉटेलचे वाढीव बांधकाम झाले. 2000 साली उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने लोकांच्या बाजूने कौल दिला. 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. समुद्रकिनाऱ्यासारखी निसर्गसंपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, असे न्यायालयाने बजावले.

पण गोष्ट इथे संपली नाही. वाढीव बांधकाम पाडण्याची वेळ आली, तेव्हा त्याच वर्षी राज्य सरकारने भूसंपादन कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि इमारत वाचली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्तीही वैध ठरवली.

मग तोडगा काय? तो फार अवघड नाही. किनारपट्टीच्या 1991च्या नियमावलीत दोन हॉटेलांमध्ये किमान 20 मीटर रुंदीची मोकळी वाट सोडण्याची तरतूद होती. बांधकामाआधीच अशी वाट नकाशावर आखली, तर मालकाची बाग शाबूत राहते आणि रापणकाराची होडीही पाण्यापर्यंत जाते. भिंत उभी राहिल्यावर मात्र वाट शोधायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि त्यात वर्षानुवर्षे जातात.