नुक्ता वाचवणारं सॉफ्टवेअर

फोटोग्राफीचा मनापासून नाद असलेल्या माणसाने फोटोवर काम करायला कोणतं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर थोडं एकांगी आहे, कारण माझा नादच एका गोष्टीचा आहे: जुन्या मशिदी, दर्गे आणि कबरींवरचे फारसी-अरबी शिलालेख. शाळेला सुट्टी लागली की खुलताबाद, दौलताबाद नाहीतर जुन्नर.

या लिपीत नुक्त्यावर सगळं अवलंबून असतं. बे, ते, से यांचं अंग एकच. खाली एक ठिपका, वर दोन किंवा वर तीन, एवढाच फरक. ‘ख़ुदा’चा वरचा ठिपका खाली आला की ‘जुदा’ होतो. जुने खत्तात काही नुक्ते मुळातच सोडून देत, म्हणून जे आहेत ते जपायलाच हवेत. शेकडो वर्षं उन्हापावसात राहिलेल्या दगडावर नुक्ता कोणता आणि टवका कोणता, हे माणसालाही पटकन कळत नाही. मोबाइलवरच्या फुकट ॲपला तर त्याचा पत्ताच नसतो. फोटोतला खरखरीतपणा घालवताना ते नुक्तेही घालवतं. एआयवाली ॲप्स आणखी पुढची: पुसट अक्षर दिसलं की स्वतःच्या मनाने रेघ पूर्ण करतात. लग्नाच्या फोटोत चालेल ते, फुप्पी दहा वर्षांनी तरुण दिसल्या तर दुवाच देतील. शिलालेखात मात्र दगडावर नसलेला मजकूर तयार होतो.

म्हणून माझी पहिली अट: सॉफ्टवेअरने मूळ फोटोला हात लावायचा नाही आणि मी काय काय केलं ते नंतर दिसलं पाहिजे. डार्कटेबल हे करतं. रॉ फाइल जशीच्या तशी राहते, केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये जातात. वर्षाने उघडलं तरी एकेक पायरी बंद करून बघता येते. फोटो रॉमध्येच काढा, हे ओघाने आलंच. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. सावलीत बुडालेलं अक्षर वर काढताना हा फरक डोळ्यांना दिसतो. त्यानंतर थोडा लोकल कॉन्ट्रास्ट, बस्स. अर्थात सकाळचं तिरपं ऊन जे काम करतं, ते कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही.

डार्कटेबल शिकायला वेळ लागतो. पहिले पंधरा दिवस तर इतकी बटणं बघून गरगरतं. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी रॉथेरपी घ्यावं. तेही मूळ फाइलला धक्का लावत नाही. जिंप वेगळ्या कामाचं. ते रॉ फाइल स्वतः उघडत नाही, या दोघांपैकी एकाकडे सोपवतं. पण फोटोवर उर्दू लिहायचं तर मी जिंपच वापरतो. ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा मोफत फॉन्ट टाकला की अक्षरं नीट जोडून, उजवीकडून डावीकडे येतात, आणि त्याच पानावर देवनागरीही.

फुकट आणि मुक्त यातला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. पिकासाही फुकट होतं, 2016 मध्ये गूगलने ते बंद केलं आणि विषय संपला. रॉथेरपी गाबोर होर्वाथ या एका माणसाने सुरू केलं, 2010 मध्ये त्याने त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढे इतरांनी ते चालवलं. राहिलं चोरीचं फोटोशॉप. ते ओळखीतल्या कितीतरी लॅपटॉपवर आहे. वर्गात मुलांना कॉपी करू नका म्हणायचं आणि घरी हे, ते मला जमत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका लहान दर्ग्याच्या चौकटीला कोणीतरी हौसेने हिरवा ऑइलपेंट दिला. दोन थरांखाली नुक्ते बुजले. माझ्याकडे त्या चौकटीचे 2019 चे रॉ फोटो होते. मुजावर चाचा म्हणाले, “सर, आम्हाला आत लावायला एक मोठा प्रिंट द्या.” दिला. खाली उर्दूत आणि मराठीत वाचन लिहिलं. दुसऱ्या ओळीतला एक शब्द मला अजून लागलेला नाही. तिथे टिंबं सोडली आहेत.