मांडव्याला उतरलो आणि बस सोडली

गेटवेहून सुटलेली बोट तासाभरात मांडव्याला लागते आणि पाच-दहा मिनिटांत धक्का मोकळा होतो. अलिबागपर्यंतची बस तिकिटातच असते ना. ती सुटेल या धास्तीने सगळे पळत असतात. मार्च 2020मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, तेव्हापासून मोटारीही बोटीच्या पोटातून निघून थेट पुढे सुसाट. गावाचं नाव मात्र देशभर पाठ! 1990च्या ‘अग्निपथ’मध्ये बच्चनने ते खर्जात उच्चारलं. 2012च्या नव्या ‘अग्निपथ’चं मांडवा तर चक्क दीवमध्ये चित्रित झालं. गावाचं नाव पुरतं, गाव नसलं तरी चालतं.

मी बस जाऊ दिली. मार्चातलं दुपारचं ऊन, चालायची घाई नाही. धक्क्यावरच्या चहा-वडापावचा गलका मागे पडला आणि नारळाच्या वाड्या सुरू झाल्या. शेणाने सारवलेलं एक अंगण, त्याला लागून कुणाची तरी संगमरवरी पायऱ्यांची कोठी. दोन्हींच्या मध्ये उंच भिंत, वर काचा. अशा भिंती इथे फार झाल्यात. समुद्र जवळच, पण दिसतो तो फटीफटीतून.

एका पडवीत एक आजी पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत बसल्या होत्या. तीन-तीन कांद्यांची वाळली पात बोटांत धरायची, पीळ द्यायचा, पुढची जुडी आत सारायची, पुन्हा पीळ. नजर हातावर नाहीच, माझ्यावर.

“कोनाकरं आलाव?”

“कोणाकडे नाही, आजी. असाच.”

“असाच? ह्या उनाचा?” त्यांनी तांब्या पुढे केला. मग कांद्याचा भाव सांगितला, तोही मुंबईचा. घासाघीस केली, फारशी चालली नाही. माळ खांद्यावर टाकून मिनीडोर रिक्षा पकडली आणि सासवण्याला उतरलो.

शिल्पकार वि. पां. करमरकर इथले, जन्म 1891चा. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजीमहाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिलं आणि पोराची जे. जे.त शिकायची सोय झाली. 1928मध्ये पुण्यात उभा राहिलेला अश्वारूढ शिवाजी याच हातांचा. साहेब त्या दिवशी असाच घाईत असता तर? आता तर आतून रंगवलेल्या, बाहेरून कोऱ्या भिंती. पोरांनी चित्रं काढायची कुठे?

करमरकरांच्या घरी आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. त्यातली सिमेंटची म्हैस मी मुद्दाम जवळून पाहिली. गळ्याखाली लोंबणारी कातडी, हाडांवरचा ताण, सगळं जागच्या जागी. पुतळे घडवून नाव झालेल्या माणसाने गावातली म्हैसही तेवढ्याच मानाने घडवावी, हे मला त्या घोड्याहून मोठं वाटतं. शेजारच्या पोराने तिच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या खांद्यावरची माळ बघून विचारलं, “काका, कितीला घेतलीत?” मी सांगितलं. “फसलात,” तो म्हणाला.