किती ओहमचा?

एकाच कंपनीचा, एकाच नावाचा हेडफोन तीन आकड्यांत मिळतो आणि त्या आकड्याचा अर्थ विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही, हे मला गेल्या वर्षी कळले. बायरडायनॅमिक ही जर्मनीतली जुनी कंपनी. 1924 मध्ये बर्लिनला सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर हाइलब्रॉनला गेली. तिचा डीटी 770 हा कान पूर्ण झाकणारा, पाठीमागून बंद असलेला हेडफोन गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकापासून चालत आला आहे. त्याची प्रो आवृत्ती 32, 80 आणि 250 ओहम अशी येते. दुकानदाराने तिन्हींच्या किमती जवळपास सारख्याच सांगितल्या आणि वर म्हणाला, "चाचा, मोठा आकडा घ्या. स्टुडिओवाले तोच नेतात."

मोठा आकडा म्हणजे भारी माल, अशी आपल्याला सवयच लागली आहे. पण आमच्या मिरजेत तंबोरा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला कारागीर आधी विचारतो, जनानी हवा की मर्दानी? जनानी आकाराने लहान, मर्दानी मोठा. लहान म्हणून हलका, मोठा म्हणून भारी, असे तिथे कोणी म्हणत नाही. कोणत्या गळ्याला साथ करायची, एवढाच प्रश्न असतो. मलाही हाच प्रश्न होता, आणि माझ्याकडचा गळा मरहूम अम्मीचा होता.

1987 च्या उन्हाळ्यात मी तिच्या जात्यावरच्या ओव्या टू-इन-वनवर भरून ठेवल्या. सात कॅसेटी. घरात दखनी बोलणारी अम्मी जात्यावर बसली की मराठी व्हायची. तिच्या ओव्यांत मिरासाहेबांचा दर्गा यायचा, माहेरची वाट यायची आणि पंढरीची वाटही यायची. त्या शब्दशः उतरवून घ्यायच्या होत्या. कॅसेटवरचा लेप कधीतरी सुटणार, आणि त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ सांगू शकणारी एकटी आपा उरली आहे. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. म्हणून घाई होती.

बंदच हेडफोन का, याचे उत्तर सोपे होते. उघड्या जाळीचा हेडफोन मोकळा वाजतो म्हणतात, पण दोन खोल्यांच्या घरात कुकरची शिट्टी, नातवंडांची भांडणे आणि रस्त्यावरचे भोंगे त्यातून थेट आत येतात. शिवाय आपा अर्थ सांगते तो मी माइकवर भरून घेतो. उघड्या हेडफोनमधून गळणारा अम्मीचा आवाज त्या माइकमध्ये शिरला असता.

राहिला आकडा. पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला शाळेतल्या मुलासारखा समजावला. हेडफोनच्या आत बारीक तारेचे वेटोळे असते, वीज गेली की ते थरथरते आणि पडदा हलवते. त्या वेटोळ्याचा विजेला होणारा अडथळा म्हणजे इम्पीडन्स, आणि तो ओहममध्ये मोजतात. जास्त ओहमचे वेटोळे अधिक बारीक तारेचे, जास्त वेढ्यांचे. त्याला करंट थोडा लागतो, पण व्होल्टेज जास्त. कमी ओहमचे उलटे. डीटी 770 ला एक मिलिवॅट मिळाला की तो 96 डेसिबल वाजतो, असे कंपनी सांगते. हा एक मिलिवॅट द्यायला 250 ओहमच्या हेडफोनला अर्धा व्होल्ट लागतो. 32 ओहमच्याला अठरा शतांश व्होल्टमध्ये काम भागते. म्हणजे अर्धा व्होल्टच देणाऱ्या एखाद्या फोनला 250 चा जोडला तर त्याच्या वाट्याला एक मिलिवॅट येतो, 32 चा जोडला तर जवळजवळ आठ. फरक नऊ डेसिबलचा.

"मग फोनवर 250 वाजतच नाही?" मी विचारले.

"वाजतो, मामू. आजकालची गाणी मुळातच कमाल पातळीला भरलेली असतात. ती वाजतील. नानींचा आवाज तुम्ही किती दुरून भरलाय?"

जाते ओसरीत, टू-इन-वन दारात. आवाज फारच हळू होता. संगणकावर तो वाढवता येतो, पण मागची टेपची 'सूंऽ' त्याच्याबरोबर वाढते. जास्त ओहमच्या हेडफोनमध्ये यंत्राची स्वतःची सरसर कमी ऐकू येते हे खरे, पण कॅसेटवरच भरलेली सरसर कोणताही ओहम घालवत नाही.

इथवर 32 चे पारडे जड होते. पण माझा जुना कॅसेट डेक उलटे बोलत होता. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडून दाखवला. हेडफोनच्या सॉकेटआधी 220 ओहमचा रेझिस्टर बसवलेला. जुन्या यंत्रांत असे सर्रास असायचे. अशा सॉकेटला 32 चा जोडला तर व्होल्टेजचा जेमतेम आठवा हिस्सा हेडफोनपर्यंत पोचतो, बाकी रेझिस्टर खातो. 250 ला निम्म्याहून जास्त मिळतो, त्यामुळे तिथे तोच मोठा वाजतो. शिवाय वेटोळ्याचा अडथळा प्रत्येक सुराला सारखा नसतो, खर्जात एके ठिकाणी तो वर चढतो. सॉकेटचा अडथळा हेडफोनच्यापेक्षा मोठा असला की नेमका तेवढाच खर्ज फुगतो. जात्याची घरघर अम्मीच्या आवाजावर चढली असती. यंत्राचा अडथळा हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ढोबळ हिशेब जाणकार धरतात.

स्टुडिओवाले 250 का नेतात, हेही मग उलगडले. एका ॲम्प्लिफायरला चारपाच हेडफोन जोडले तरी जास्त ओहमचे त्याच्यावर भार टाकत नाहीत, आणि तिथे व्होल्टेजला तोटा नसतो. 80 चा मधला मार्ग आहे. पण त्याची वायर तीन मीटर लांब. 250 चीही तेवढीच, फक्त गुंडाळीची. 32 ची एक मीटर साठ सेंटिमीटर. (2024 मध्ये कंपनीने आपल्या शंभरीला 48 ओहमचा, वायर सुटी करता येणारा एक नमुनाही काढला. भाव ऐकून मी पुढे विचारले नाही.)

शेवटी डेकवर किती ऐकणार, हे ठरवले. प्रत्येक कॅसेट डेकवर एकदाच वाजणार, तीही लाइन आउटमधून थेट संगणकात जाण्यापुरती. त्यात हेडफोनच्या सॉकेटचा संबंधच नाही. त्यानंतरचे शेकडो वेळा ऐकणे फोनवर, आणि तेही आपाच्या घरी, तिच्या पलंगाशेजारी. 32 ओहमचा घेतला.

पहिल्या दिवशी आपाने तो ओढणीवरूनच चढवला आणि म्हणाली, "आवाज पत्र्यासारखा येतोय रे." ओढणी मागे सारून गाद्या नीट कानांभोवती बसवल्या तेव्हा अम्मीचा आवाज भरला. बंद हेडफोनचा खर्ज हवाबंद बसण्यावर असतो. माझ्या चष्म्याच्या काड्यांनीही थोडी फट राहतेच. या फटीने पडणारा फरक मला ओहमच्या फरकापेक्षा मोठा वाटला, आणि त्याबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढले नव्हते. एप्रिलात अर्ध्या तासाने कान घामेजतात, हेही नाही.

दुसऱ्या कॅसेटवर एका ओवीत मला 'बैरण' आणि 'वैरण' यांत निर्णय होत नव्हता. बैरण धरली तर ओवी सवतीची होते. आपाने दोन्ही हातांनी गाद्या कानांवर दाबल्या, तीनदा ऐकले आणि उजव्या हाताची मूठ करून हवेत पुढे नेली. जात्याच्या तोंडात धान्य टाकावे तशी. "वैरण," ती म्हणाली. "अम्मी जात्याला वैरण घालतीय. सवत कुठून काढलीस?"

वहीत तसे लिहिले. पाच कॅसेटी बाकी आहेत.