शेऱ्याचा रकाना

२०११च्या उन्हाळ्यात लातूरच्या गंजगोलाईमागच्या एका बोळात माझं मिक्सिंगचं दुकान होतं. लग्नाच्या कॅसेटी यायच्या, मी त्यांच्या डीव्हीडी करायचो. एक कॉम्प्युटर, दोन मॉनिटर आणि हप्त्यावर घेतलेलं रेडिऑन एचडी ५७७० कार्ड, एवढीच इस्टेट.

रेंडर चालू असताना कार्ड तापतं, ते मला मान्य होतं. पण चहाला उठलो, मशीन नुसतं उभं राहिलं, तरी ते तापलेलंच असायचं. दिवसा भारनियमन, इन्व्हर्टर किती वेळ ओढेल यावर सगळा धंदा. या कार्डाला रिकाम्या वेळी १८ वॅट लागतात असं कंपनीचं म्हणणं. त्या वेळी गाभा १५७ मेगाहर्ट्झवर यायला हवा आणि मेमरी ३००वर. मी जीपीयू-झेड उघडून बघितलं, तर ४०० आणि १२००. काहीही काम चालू नसताना मेमरी पूर्ण वेगानं धावत होती.

कार्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये फर्मवेअर असतं. कुठल्या अवस्थेत किती क्लॉक, किती व्होल्टेज, याचा तक्ता त्यात लिहिलेला असतो. मी रेडिऑन बायोस एडिटरनं तो तक्ता उघडला, १२००च्या जागी ३०० केलं आणि चिपमध्ये लिहून टाकलं. कार्ड थंड पडलं. पण खिडकी हलवली, व्हिडिओ सुरू केला, की पडद्यावर आडवा पट्टा चमकून जायचा. डोळे दुखायला लागले. दुरुस्त करू म्हणून पुन्हा लिहायला बसलो आणि लिहिणं अर्ध्यात असताना लाइट गेली. इन्व्हर्टर तर दुपारीच उतरला होता. रात्री मशीन लावलं, तर डिस्प्ले नाही. मूळ फर्मवेअरची प्रत मी काढून ठेवलेली नव्हती. तीन लग्नांचं काम अंगावर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. चाकूर, अहमदपूर, लोहा. कार्ड टॉवेलात गुंडाळून मांडीवर. नांदेडला वजिराबादेत एक सरदारजी मदरबोर्ड दुरुस्त करतात, एवढं ऐकून होतो.

घरचे पिढ्यान्‌पिढ्या नांदेडचे, मराठी आपल्यासारखीच. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "भाऊ, मॉनिटर किती लावता?"

"दोन."

"एकच लावून कधी बघितलं?"

मी बघितलं नव्हतं. कार्डात बिघाड आहे असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

त्यांनी समजावलं ते गुरुद्वाऱ्याच्या लंगरवरून. तिथे ते सेवेला जात. एक पंगत उठते, दुसरी बसते, त्या मधल्या घडीत सेवेकरी झाडू मारून घेतात. पडद्याचंही तसंच. सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवलं जातं आणि दर दोन चित्रांच्या मधे एक अगदी बारीक फट राहते. मेमरीचा क्लॉक बदलायचा तर तिला क्षणभर थांबवावं लागतं, आणि ते त्या फटीतच उरकावं लागतं. "आता दोन मांडव धरा. इकडची पंगत उठली तेव्हा तिकडची अर्ध्या जेवणात. झाडू कधी मारायचा?" दोन मॉनिटरांच्या फटी एकत्र येत नाहीत, म्हणून कार्ड क्लॉक बदलायच्या फंदातच पडत नाही, मेमरी वरच ठेवतं. मी जबरदस्तीनं खाली आणली, तेव्हा दिसला तो पट्टा म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटावर उडालेली धूळ होती.

मग त्यांनी लांबोडकी हिशेबाची वही काढली. दुकानात आलेल्या प्रत्येक कार्डाची ओळ तिच्यात होती: तारीख, मॉडेल, मेमरी कुणाची, रिकाम्या वेळचे क्लॉक, शेरा. आणि प्रत्येकाच्या फर्मवेअरची प्रत एका सीडीवर. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नव्हते. त्यांनी माझ्या कार्डाचा हीटसिंक उतरवला, मेमरी चिपांवरचे आकडे भिंगातून वाचले आणि वहीत तसंच कार्ड शोधलं. मागच्या हिवाळ्यात कुणीतरी पंखा बदलायला आणून दिलेलं होतं. ते कोण, कुठले, मला आजही माहीत नाही. त्यांच्या कार्डाच्या प्रतीवर माझं कार्ड उठलं, हे मात्र मी विसरलेलो नाही.

मशीनचा डिस्प्ले मदरबोर्डवरून घेतला, माझं मेलेलं कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये, पेनड्राइव्हवरून डॉस चालू, एटीआयफ्लॅशची एक ओळ. लिहायला लागण्याआधी त्यांनी इन्व्हर्टरच्या काट्याकडे बघितलं. ती नजर मी उचलली, आजही चिपला हात लावण्याआधी माझी मान तिकडे वळते.

डिस्प्ले आला. एक मॉनिटर लावून मशीन पाच मिनिटं तसंच राहू दिलं: १५७, ३००. दुसरा लावला: ४००, १२००. "लाइट गेली की विंडोज आणि पी दाबा, एकच पडदा ठेवा," ते म्हणाले. "नुसतं मॉनिटरचं बटण बंद करून भागत नाही. कार्डाला तो जोडलेलाच दिसतो."

पैसे विचारले, तर थर्मल पेस्टचे तेवढे घेतले. शेवटच्या लातूर गाडीला अजून वेळ होता. त्यांनी मला बसवून घेतलं, माझ्या कार्डाचं आताचं फर्मवेअर माझ्याच पेनड्राइव्हवर दिलं आणि वही पुढे ओढली. तारीख. मॉडेल. गाव लातूर. एक मॉनिटर, दोन मॉनिटर, दोन्हीचे आकडे. मग शेऱ्याच्या रकान्यात पेन थोडा थांबला. ते काय लिहितील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो.

त्यांनी लिहिलं, "बिघाड नव्हता. लाइट गेली."