दट्ट्याचा पल्ला

मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या नळकांड्यांतून जितका खालीं-वर सरकतो, त्या अंतरास कारागीर 'स्ट्रोक' म्हणतात. आपण त्यास पल्ला म्हणूं. क्रँकशाफ्टाचा बांक मध्यापासून जितका बाहेर, त्याच्या दुप्पट हा पल्ला. म्हणून पल्ला ठरविणें म्हणजे क्रँकशाफ्ट निवडणेंच होय.

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें अमेरिकेहून मला याचविषयीं विचारिलें. त्याजपाशीं शेव्हरोलेचें ३५० घन इंचांचें, आठ नळकांड्यांचें जुनें एंजिन होतें. त्यावर सुपरचार्जर, म्हणजे एंजिनांत जोरानें हवा कोंबणारा पंप, बसवून गाडी रोजच्या रस्त्यावर चालवावी, ही त्याची हौस. "सर, पल्ला मूळचा ८८.४ मिलिमीटर ठेवूं कीं ९५.२५ करूं?" असा त्याचा प्रश्न. सांठविलेला पैसा एकदांच खर्चावयाचा होता, आणि गाडींत बायकामुलें बसणार होतीं.

लांब पल्ल्याचा पक्ष दुबळा नाहीं. हें एंजिन १९५५ सालीं निघालेल्या घराण्यांतलें. त्याच घराण्यांत १९७० सालीं ९५.२५ मिलिमीटर पल्ल्याचें ४०० घन इंचांचें एंजिन निघालें. तो पल्ला साडेतीनशेंच्या एंजिनांत घालून, नळकांडीं किंचित् रुंद कोरून, ३८३ घन इंच करण्याचा प्रघात तिकडील हौशी लोकांत रुळला. पोकळी मोठी झाल्यानें मंद गतींतहि ओढ वाढते. शिवाय तोच पंप तितकीच हवा मोठ्या पोकळींत भरतो, तेव्हां दाब कमी राहतो, हवा कमी तापते आणि इंधन अवेळीं भडकण्याचें भय घटतें.

आतां दुसरी बाजू. मिनिटास ६००० फेरे झाले असतां ८८.४ च्या पल्ल्यांत दट्ट्याचा सरासरी वेग सेकंदास सुमारें १७.७ मीटर पडतो, ९५.२५ ला तो १९ च्या वर जातो. दट्ट्यास टोकाशीं थांबवून परतविण्याचा ताण त्याच गतीला सुमारें पावणेआठ टक्क्यांनीं वाढतो. जोडदांडा तोच ठेवल्यास दट्ट्या ३.४ मिलिमीटर आंखूड करावा लागतो, व त्याची खीळ कड्यांच्या जवळ सरकते. दाबाच्या एंजिनांत तर कड्यांभोंवतीं जाड धातु हवा! तळाशीं दांड्यास वाट देण्याकरितां ओतीव ठोकळा घांसावा लागतो, तो निराळाच.

मीं त्यास लिहिलें, "पल्ला मूळचाच ठेव. क्रँकशाफ्ट घडीव पोलादाचा घे, दट्टे घडीव घे, आणि दाब माफक राख. ओढ देण्याचें काम पंप करील. पुढें दाब कमीअधिक करावासा वाटला, तर पट्ट्याची चकती बदलली कीं झालें. परंतु पल्ला बदलावयाचा तर सारें एंजिन पुन्हां उकलावें लागेल." त्याला तें पटलें, व त्यानें तसेंच केलें.

विद्यार्थिमित्रहो, वरील हिशेबांत साध्या गुणाकारापलीकडे फारसें कांहीं नाहीं. तो तुम्ही स्वतः करून पाहा. आणि एवढें ध्यानांत ठेवा, कीं जें मागाहून सहज बदलतां येतें तेथें हौस करावी; जें बदलतां येत नाहीं तेथें मात्र बळास अग्रस्थान द्यावें. पुढें विषय वा व्यवसाय निवडतांना तुम्हांस व तुमच्या पालकांस हाच विवेक उपयोगीं पडेल.