विदर्भाचा उन्हाळा आणि जीवाश्मांचा डिंक

जीवाश्म सापडला की त्याची बातमी होते. तो कोणत्या डिंकाने जोडला, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक त्या हाडाचे पुढील शंभर वर्षांचे भवितव्य त्या डिंकावरच अवलंबून असते.

यवतमाळच्या वणी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुका लागतो. तेथील पिजदुऱ्याच्या परिसरात सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी टायटॅनोसॉर वावरत. त्यांच्या हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठाही तेथे मिळते. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीतील सांगाड्याचे वर्णन जैन व बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २००३ मध्ये त्याला ‘आयसिसॉरस’ हे नाव मिळाले. नावातील ‘आयसि’ म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था!

या भागातील काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यात अडकलेले हाड वर येईपर्यंत तडकलेले असते. त्याला आधी पातळ द्रव पाजून बळकट करावे लागते, मग तुकडे जोडायचे.

जुने संग्राहक स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख वापरीत. ती कालांतराने काळवंडते, ठिसूळ होते आणि पुढे स्पिरिटलाही दाद देत नाही. सरस वाळताना आकसतो व हाडाचा पापुद्राच ओढून काढतो. क्षणात चिकटणारे सायनोॲक्रिलेट मोहात पाडते खरे, पण चुकलेला सांधा सोडवताना घाम फोडते.

म्हणून जगभर पॅरलॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेला मान आहे. ती ॲसिटोनमध्ये विरघळते, सहसा पिवळी पडत नाही आणि अनेक वर्षांनीही पुन्हा विरघळवता येते. अडचण एकच: सुमारे ४० अंश सेल्सिअसला ती मऊ पडू लागते. लंडनच्या संग्रहालयाला याची फिकीर नाही. मे महिन्यातील यवतमाळला आहे. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या जड मांडीच्या हाडाचा सांधा कोणाच्या लक्षात न येता हळूहळू खचतो. तेथे सुमारे ६० अंशांपर्यंत टिकणारी बी-४४ मिसळणे किंवा ब्युटव्हार बी-७६ निवडणे शहाणपणाचे.

उष्णतेत ॲसिटोन इतक्या झपाट्याने उडते की राळ आत न मुरता वरच साय धरते. हे काम सकाळी, सावलीत करावे. ओलसर हाडावर तीच राळ पांढरी पडते. काही तुकडे तर कोरेच राखावेत, कारण राळेतील कार्बन पुढच्या रासायनिक तपासणीत घोटाळा करतो.

आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव व तारखेखाली आणखी एक ओळ लिहावी: कोणती राळ, कशात विरघळवली, किती दाट.