वाळूचा हिशेब

नोएडात राहून समुद्रावर लिहावयास बसणे हा थोडासा आगाऊपणाच म्हटला पाहिजे. आमचे गाव येथून हजार किलोमीटरहून अधिक दूर. 1976 साली वसू लागलेल्या या नगरात पाणी म्हणजे पश्चिमेस यमुना, पूर्वेस हिंडन आणि नळाला येईल ते. परंतु गेल्या आषाढात एका सायंकाळी समुद्र आमच्या दारी आला, आणि तोही दोन वाटांनी.

पहिली वाट आमच्या नातीच्या भूगोलाच्या वहीतून. सातवीतल्या या बाईंना समुद्रकिनाऱ्याची आकृती काढावयाची होती. ‘आजोबा, लाट तर पाण्याची, ती दगड कसा तोडते?’ आम्ही सरसावून बसलो. तिला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गाची हकीकत सांगितली. तेथे ओहोटी पाहूनच खाली उतरावे लागते. पायांखाली कड्याच्या पायथ्याशी पसरलेला सपाट खडक लागतो. भूगोलवाले त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात. भिंतींना मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे. लाट एकटी येत नाही, मुली. ती वाळू आणि गोटे मुठीत घेऊन येते. खडकाच्या भेगेत कोंडलेली हवा दाबते, सोडते, पुन्हा दाबते. कड्याचा पायथा पोखरला, की वरचा भाग आपल्याच भाराने कोसळतो, आणि कडा एक पाऊल मागे सरतो.

‘मग तुटलेल्याचे होते काय?’ तिने विचारले.

त्याच वेळी फोन वाजला. पलीकडे देवबागेतील आमचे धाकटे चुलतबंधू. ‘दादा, समुद्र परड्यात इलो,’ एवढेच ते म्हणाले, आणि काही क्षण गप्प राहिले. ही दुसरी वाट.

ज्यांनी देवबाग पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मालवणच्या दक्षिणेस तारकर्लीपासून खाली उतरत गेलेली ही वाळूची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदी, आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. लाट किनाऱ्यावर तिरपी चढते आणि सरळ उतरते; तिच्यासवे वाळूचा कणही दर खेपेस थोडा पुढे सरकतो. जेथे प्रवाह मंदावतो तेथे तो टेकतो. असे असंख्य कण टेकले, म्हणजे वाळूचा दांडा तयार होतो. आमचे घर, विहीर, माड, पूर्वजांचे देव हे सारे अशा टेकलेल्या वाळूवर उभे आहे.

पावसाळ्यातील उंच लाटा ही वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली रचून ठेवतात. दसरा-दिवाळीनंतरच्या शांत लाटा ती हळूहळू परत आणतात. आमच्या लहानपणी हा सावकार मुद्दल बुडवीत नसे. आता हिशेब बिघडला आहे. कोठे नद्यांची वाळू उपशात जाते, कोठे ती धरणामागे अडते, किनाऱ्याच्या टेकड्यांवर इमारती चढल्या आहेत, आणि समुद्राची पातळीही वाढते आहे. मे 2021 मधील तौक्ते वादळात आमचे काही माड मुळांसकट गेले, ते गेलेच.

बंधूंचे म्हणणे असे, की आपल्या हद्दीपुरती दगडी भिंत घालावी. आम्ही अर्धा खर्च उचलावा. आम्ही जवळजवळ होकार दिला होता. फोन ठेवल्यावर नातीला भिंतीचे गणित समजावू लागलो. भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू खणून नेते. आणि भिंत जेथे संपते तेथून पुढच्या किनाऱ्यावर तिचा जोर वाढतो. ‘म्हणजे आपले घर राहील, आणि शेजाऱ्यांचे जाईल?’ एवढे बोलून ती रंगीत पेन्सिल शोधावयास उठली.

शेजारचे ते घर आम्ही डोळ्यांपुढे आणले. याच घराने आमच्या आईच्या आजारपणात सहा महिने दोन्ही वेळा पेज पाठविली होती. मागे सरावे म्हटले, तर मागे नदी. त्या रात्री झोप आली नाही.

यमुनेच्या बंधाऱ्यावर आम्ही अधूनमधून जातो. 13 जुलै 2023 रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वेपुलापाशी तिचे पाणी 208.66 मीटरपर्यंत चढले होते. पूर ओसरल्यावर खादरात गाळ पसरलेला पाहिला. नोएडाची सारी जमीनच मुळी हिमालयापासून वाहत आलेल्या गाळाची. कोठून तरी तुटावे, कोठे तरी टेकावे, हा नियम आम्हां स्थलांतरितांना नवा नाही. मात्र आपण टेकताना दुसऱ्याचा पाया खणू नये, एवढे आपल्या हाती असते.

सकाळी बंधूंना कळविले: भिंत आपल्यापुरती नको. वाडीतील सर्वांनी एकत्र बसून, जाणकारास दाखवून, सलग काय करता येईल ते ठरवा. आमचा वाटा अर्ध्याहून अधिक धरा. तोवर वाळूवर मर्यादवेल तुडवू देऊ नका. ती वाळू धरून ठेवते. बंधू आधी रागावले. मग म्हणाले, ‘बघतंय.’

नातीच्या आकृतीत कडा आहे, गुहा आहे, पुळण आहे. वाळूच्या दांड्यावर तिने दोन घरे काढली आहेत, एकमेकांना अगदी लागून. कोणते कोणाचे, ते मात्र लिहिलेले नाही.